काढणीनंतरही भाजी जिवंत असते



पांढुर्णा व सौंसर हा परिसर संत्र्यासाठी ख्यातनाम आहे. परंतु बागांलगत टोमॅटो, फुलकोबी, वांगी यांचे मळेही येथे आहेत. त्यांतील बराच माल नागपूरच्या बाजाराची वाट धरतो. त्या वाटेवर, आणि त्याहीपूर्वी बांधावर, जी नासाडी होते तिच्याविषयी मी आज बोलणार आहे.

लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात संस्थेच्या २०१५ च्या अहवालानुसार देशात टोमॅटोची हानी १२.४४ टक्के होते. म्हणजे आठ कॅरेटांमागे जवळजवळ एक. त्या एका कॅरेटासाठीही विहिरीचे पाणी, खत, मजुरी आणि उसनवारी तेवढीच लागलेली असते.

असे का होते? तोडलेली भाजी मृत नसते; ती श्वसन करीत असते. मुळांचा आधार तुटल्यामुळे तिला स्वतःतील साखर व पाणीच खर्चावे लागते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा खर्च दुपटीतिपटीने वाढतो. भर दुपारी तोडून पोत्यात कोंबलेला माल म्हणूनच लवकर खचतो. दुसरे कारण इजेचे. लहानसा ओरखडाही बुरशीला दार उघडून देतो.

यावरून उपाय ठरतात. तोडणी सकाळी, दव सुकल्यावर करावी आणि माल लगेच सावलीत न्यावा. दूरच्या बाजारासाठी टोमॅटो रंग फुटू लागताच तोडावा. फुलकोबीभोवती बाहेरची काही पाने राखावीत. फुटका, किडका माल शेतातच निराळा काढावा. कॅरेट काठोकाठ भरू नये; अन्यथा वरच्या कॅरेटचा भार फळांवर येतो.

दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने विकसित केलेला शून्य-ऊर्जा शीतकक्षही येथे उपयोगी आहे. विटांच्या दुहेरी भिंती, मधल्या सुमारे साडेसात सेंटीमीटर पोकळीत वाळू, आणि सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी. एवढीच त्याची रचना. माठातील पाणी ज्या नियमाने गार होते, तोच नियम येथे आहे. कोरड्या उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा दहा ते पंधरा अंशांनी उतरते. दमट पावसाळ्यात मात्र लाभ थोडा.

असा कक्ष बाजारभाव वाढवीत नाही. पण पडत्या भावाच्या दिवशी शेतकऱ्याला एखादा दिवस थांबण्याचे बळ देतो. आपल्या शाळेच्या आवारात असा एक कक्ष विद्यार्थ्यांच्या हातून उभा राहावा, अशी माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. शेतकऱ्यांची मुले जेथे शिकतात, तेथे हे ज्ञान पुस्तकातच राहू नये.