धांवण्याचे बूट : आधार, मार्दव आणि माप

पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ सालीं आणि मुंबईची २००४ सालीं सुरू झाली. तेव्हांपासून आपल्याकडे पहांटे धांवावयास निघणाऱ्या स्त्रीपुरुषांची संख्या वाढत गेली, ही इष्टच गोष्ट होय. परंतु बूट घेण्यास गेलेल्या गृहस्थास ‘आपला तळवा सपाट आहे, आपणांस आधाराचेच बूट हवेत’ असें सांगण्यांत येतें, व तो दहा हजारांहून अधिक रुपये मोजून मोकळा होतो. तो आधार त्यास खरोखर हवा होता काय, हा प्रश्न तसाच राहतो.

धांवतांना पाऊल टेकलें कीं तें किंचित् आंतल्या बाजूस कलतें. यास प्रोनेशन म्हणतात. हा रोग नव्हे. जमिनीचा धक्का विभागून घेण्याची ती शरीराची स्वाभाविक योजना आहे. कांहींच्या पायांत मात्र हा कल फार असतो. अशांकरितां ‘स्टॅबिलिटी’ जातीच्या बुटांच्या तळांत आंतल्या अंगास अधिक कठीण फोम घालण्याची रीत पडली. अ‍ॅसिक्स या जपानी कंपनीचा १९९३ पासून चालत आलेला जेल-कायानो हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण. पण २०२३ च्या तिसाव्या आवृत्तींत त्यानेंही ती कठीण पाचर सोडून रुंद तळ व कमानीखालील उसळत्या फोमवर भिस्त ठेविली.

ओल्या तळव्याचा ठसा पाहून बूट निवडण्याची युक्ति सर्वश्रुत आहे. अमेरिकेच्या सैन्यांतील नव्या शिपायांवर तिची परीक्षा झाली. २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत, ठशावरून बूट दिलेल्यांच्या आणि सर्वांस एकाच जातीचे बूट दिलेल्यांच्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. उलट २०१६ मधील लक्झेंबर्गच्या अभ्यासांत, ज्यांचें पाऊल खरोखरच आंत कलतें त्यांच्या दुखापती आधाराच्या बुटांनीं कमी झाल्या. तात्पर्य, आधार गरजवंतास उपयोगी पडतो. परंतु गरज केवळ ठशावरून ठरवूं नये. धांवतांना पाठीमागून मोबाइलवर चित्रण करवून तें फिजिओथेरपिस्टास दाखवावें, हें बरें.

मापाकडे मात्र प्रत्येकानें लक्ष दिलेंच पाहिजे. दिवसभरांत पाय किंचित् सुजतात, म्हणून खरेदी सायंकाळीं करावी. नेहमींचे मोजे घालून दोन्ही पायांत बूट चढवावेत, व मोठ्या पायाचें माप प्रमाण मानावें. उभें राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढें अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरावी, चवडा आवळूं नये, टाच निसटूं नये. मग दुकानांतच चार पावलें धांवून पाहावें. ‘वापरतां वापरतां सैल होईल’ या आश्वासनावर विसंबूं नये.

तळ मऊ असावा, पण पाऊल डगमगेल इतका नसावा. साधारणतः पांचशें ते आठशें किलोमीटरांनंतर हें मार्दव ओसरतें. वरून बूट नवा दिसला तरी तो बदलावा. आणि बूट बदलूनही गुडघा किंवा टाच दुखतच राहिली, तर आणखी महाग जोड शोधीत न बसतां डॉक्टरांकडे जावें.