पुट्टीखाली गंज थांबत नाही

येवल्यात जुन्या गाडीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, “आपल्याकडं पाऊसच किती? इथं कसला गंज?” तालुका अवर्षणप्रवण आहे हे खरं. पण गंजाला पाऊस लागत नाही, ओल लागते. मळ्यातली काळी माती मडगार्डच्या आतल्या कडांना चिकटते आणि पाणी लवकर सोडत नाही. वरून गाडी खडखडीत वाळलेली दिसते, आतला पत्रा मात्र कित्येक दिवस ओला असतो. ओम्नीतून खताची पोती नेत असाल तर जास्तच जपा. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊबंद. त्याचे सांडलेले खडे मॅटखाली गेले आणि त्यांना ओल लागली की फ्लोअर सडायला लागतो. मुंबई-कोकणातली ‘कमी चाललेली’ गाडी घेताना आधी मॅट उचलून बघा, किलोमीटर नंतर. खारी हवा उभ्या गाडीलाही सोडत नाही.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज पुट्टीचा. रंगाला फोड आला, घासला, पुट्टी भरली, रंग मारला, काम झालं असं वाटतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. फोड दिसेपर्यंत बऱ्याचदा पत्रा आतून पोखरलेला असतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं दाबून बघा. पत्रा आत गेला तर तिथं पुट्टीचं काम नाही. पुट्टी ओल शोषते आणि भोकाच्या मागच्या बाजूनं ती ओल येतच राहते. फॉस्फोरिक आम्लाची गंजरोधक औषधं उपयोगी आहेत, पण वरवरच्या गंजावर, तेही पापुद्रे खरवडून काढल्यावर. खाल्लेला पत्रा त्यानं परत येत नाही. गंजावरच अंडरकोटिंग मारलं तर ओल आत कोंडते.

मारुती ८०० (१९८३ ते २०१४) सारख्या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळं दाराखालची पोकळ पट्टी किंवा शॉकअॅब्सॉर्बर बसतो ती जागा सडली तर प्रश्न सुरक्षिततेचा असतो. तिथं अॅल्युमिनियमची पट्टी रिबिट करणं मला चुकीचंच वाटतं: ताकद येत नाही, आणि ओल लागली की लोखंडाला टेकलेलं अॅल्युमिनियम झपाट्यानं झिजतं.

सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, त्याच जाडीचा तुकडा सीओटू वेल्डिंगनं थोडे थोडे टाके टाकत जोडायचा. सलग टाका ओढला तर पत्रा उष्णतेनं वाकतो. त्याआधी बॅटरी सोडवायची, सीट-कार्पेट काढायचे, पेट्रोलचा पाइप जवळ असेल तर तोही. मग इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, रंग, आणि शेवटी पोकळीत आतून मेण. हे मेण बरेच जण वगळतात. गंज पुन्हा उठतो तो तिथूनच.

दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची भोकं असतात, ती रंगकामात बुजतात. गाडी ताब्यात घेताना बंद काचेवरून तांब्याभर पाणी सोडा आणि ते दाराखालून गळतंय का बघा.