युद्धसरावातील निःशस्त्र धर्मगुरू

पंचशीलातील पहिले शील ज्या घरात रोज उच्चारले जाते, त्या घरातील मुलगा सैन्यभरतीला निघाला की आईवडिलांच्या मनात एक शंका येते. प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचा संकल्प करणाऱ्याने हाती बंदूक घ्यावी काय? आपल्या समाजाला ही शंका नवी नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. बाबासाहेबांचा जन्मही १८९१ साली महूच्या छावणीतच झाला. या शंकेचे संपूर्ण निरसन करण्याचा अधिकार आमचा नाही. मात्र सैनिकांमध्ये राहूनही शस्त्र न धरणारा एक माणूस असतो. त्याच्या कामाची माहिती येथे देत आहोत, कारण तीत या शंकेचा बराचसा अंश सामावलेला आहे.

प्रथम विनय काय सांगतो ते पाहू. राजा प्रसेनजिताचे सैन्य मोहिमेवर निघाले असता काही भिक्खू ते पाहावयास गेले. लोकांनी नावे ठेवली, आणि तथागतांनी असे जाण्यास मनाई केली. पुढे एका भिक्खूचा मामा सैन्यात आजारी पडला. तेव्हा योग्य कारण असल्यास जाण्याची मुभा मिळाली. मुक्काम मात्र दोन-तीन रात्रींचाच, आणि त्या काळात रणभूमी, सैन्याची गणती वा व्यूहरचना पाहावयाची नाही. हे नियम पाचित्तिय विभागात आहेत. सैन्याच्या वैभवापासून दूर राहा, पण तेथील आजारी माणसाला टाकू नका, असा त्यांचा अर्थ आम्ही लावतो.

आधुनिक सैन्यांत हे काम करणाऱ्यास इंग्रजीत ‘चॅप्लेन’ म्हणतात. अमेरिकी सैन्यातील त्यांची परंपरा १७७५ पासूनची आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार धर्मगुरूला संरक्षण असते, आणि तो शत्रूच्या हाती सापडला तरी युद्धकैदी ठरत नाही. अमेरिकी चॅप्लेन शस्त्र बाळगत नाही. त्याच्यासोबत एक साहाय्यक सैनिक असतो, तो मात्र सशस्त्र असतो. बौद्ध चॅप्लेनच्या गणवेशावर धम्मचक्र असते. अमेरिकी नौदलात जेनेट शिन या २००४ मध्ये पहिल्या बौद्ध चॅप्लेन झाल्या. भूदलात हा मान थॉमस डायर यांचा. ते पूर्वी बॅप्टिस्ट पाद्री होते, आणि पुढे इराकमधील छावणीतही त्यांनी काम केले.

या कामाची खरी ओळख युद्धसरावात होते. कॅलिफोर्नियातील मोहावे वाळवंटात फोर्ट आयर्विन येथे मोठे सराव चालतात. तुकड्या तेथे काही आठवडे उघड्यावर राहतात. गोळ्यांच्या जागी लेसर किरण असतात, शत्रूची भूमिका दुसरी तुकडी करते. चॅप्लेन तीच धूळ खातो, तसाच जमिनीवर झोपतो. जेवण आणि पाणी घेऊन जाणाऱ्या ट्रकबरोबर तो दूरच्या ठाण्यांवर पोहोचतो, कारण त्या वेळी जवान एकत्र आलेले असतात. प्रार्थना गाडीच्या बॉनेटवर कापड पसरूनही होते. पण त्याचा बहुतेक वेळ प्रार्थनेत जात नाही, बसून ऐकण्यात जातो. घरचे कर्ज, बायकोशी झालेला अबोला, वरिष्ठाचा जाच, झोप न येणे अशा गोष्टी जवान त्याच्याजवळ बोलतो. ऐकलेले तो सेनाधिकाऱ्यालाही सांगत नाही. गोपनीयतेचा हा नियम इतर कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा त्याच्यासाठी कडक आहे. म्हणूनच तो बोलतो.

सरावात खोटे जखमीही असतात. कोणाला कोणती जखम झाली ते लिहिलेली चिठ्ठी त्यांच्याजवळ असते, आणि चॅप्लेन उपचारतंबूत त्यांच्याजवळ जाऊन बसतो. जवानाच्या गळ्यातील बिल्ल्यावर त्याच्या धर्माची नोंद असते. स्वधर्मीयांचे विधी चॅप्लेनने स्वतः करावेत, इतरांसाठी ते घडवून आणावेत, असा दंडक आहे. बौद्ध चॅप्लेनसमोर बहुधा ख्रिस्ती जवानच असतो. त्याच्या कानाशी धम्मप्रसार करणे हे काम नव्हे.

आणि मग कधी खोट्या युद्धाच्या मध्यावर खरी बातमी येते. घरी कोणी दगावले, तर अमेरिकेत रेड क्रॉसमार्फत तसा संदेश तुकडीच्या प्रमुखाकडे पोहोचतो. त्या जवानाला बाजूला घेऊन वडील गेल्याचे सांगावयाचे असते, आणि त्या वेळी बहुधा चॅप्लेन जवळ असतो. चेहऱ्यावर काळा-हिरवा रंग फासलेला वीस वर्षांचा मुलगा वाळूत बसून रडतो आहे, आणि टेकडीपलीकडे सराव चालूच आहे. मामाच्या आजारपणासाठी मिळालेली ती मुभा अशा वेळी आम्हांला आठवते.

चॅप्लेन युद्धाला पुण्याचा मुलामा देतो, असा आक्षेप घेतला जातो. तो फोल नाही. संयुत्त निकायात योद्ध्यांचा एक प्रमुख बुद्धांना विचारतो की रणात मरणारा स्वर्गात जातो, असे जुने आचार्य सांगतात, ते खरे काय? बुद्ध दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर, मारण्याच्या विचाराने मन ग्रासलेले असता मरणाऱ्याला स्वर्ग नाही, असे स्पष्ट सांगतात. तो योद्धा रडतो. उत्तराचे दुःख नसते, इतकी वर्षे फसवले गेल्याचे असते. बौद्ध चॅप्लेनने जवानाला स्वर्गाचे आमिष दाखवता कामा नये, एवढे या सुत्तावरून आम्हांला निश्चित वाटते.

आपल्या देशात हे काम धर्मगुरू करतात. त्यांना नायब सुभेदाराचा हुद्दा मिळतो, आणि त्यांचे प्रशिक्षण पुण्यातील राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होते. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री यांच्याबरोबर बौद्ध भिक्खूंचीही जागा असते. मात्र ती महायान परंपरेची आणि लडाख स्काउट्ससाठी असते. उमेदवाराला पदवी आणि मठप्रमुखाकडून मिळालेली दीक्षा लागते. महाराष्ट्रातील विहारांत दीक्षा घेतलेल्या थेरवादी भिक्खूला या चौकटीत जागा सापडत नाही. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे गणवेशात आहेत, त्यांनी याबाबतचे आपले अनुभव विद्यालयास अवश्य कळवावेत.