झोप, शरीर आणि श्रद्धा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रौढ माणसाला रोज किमान सात तासांची झोप लागते. 2015 मध्ये अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या दोन संस्थांनी उपलब्ध संशोधन चाळून हा आकडा ठरवला. तेरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी तो आठ ते दहा तासांचा आहे. 2022 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयाच्या आरोग्याच्या कसोट्यांमध्ये आहार, व्यायाम, वजन आणि रक्तदाब यांच्या पंगतीला झोपही बसवली. अनेक ख्रिस्ती घरांत मात्र झोपेकडे दोन्ही बाजूंनी संशयाने पाहिले जाते. जिमला जाणाऱ्या मुलाला ती वेळ खाणारी वाटते. घरातल्या वडीलधाऱ्यांना तिच्यात आळस दिसतो आणि वर नीतिसूत्रांचा दाखला मिळतो.

"झोप म्हणजे आळस, आणि तो बायबलला मान्य नाही"

नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात आळशाला मुंगीकडे धडा घ्यायला पाठवले आहे, हे खरे. पण तिथला राग झोपेवर नसून वेळ चुकवण्यावर आहे. मुंगी कापणीच्या दिवसांत धान्य साठवते, आणि दहाव्या अध्यायात लाज आणणारा मुलगा आहे तो नेमका कापणीच्या वेळी निजलेला. काम अंगावर असताना लोळणे, एवढाच त्यातला दोष. त्याच पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात ज्ञानाने चालणाऱ्याला गोड झोपेचे आश्वासन आहे. उपदेशकाच्या मते कष्टकऱ्याची झोप, पोटात थोडे असो वा फार, गोडच असते. झोप उडते ती श्रीमंताची.

127वे स्तोत्र तर पहाटे लवकर उठून रात्री उशिरापर्यंत राबण्यालाच व्यर्थ म्हणते. त्याच्या शेजारी 121वे स्तोत्र ठेवले की विचार पुरा होतो: इस्राएलाचा राखणदार डुलकीही घेत नाही. जगाची राखण त्याच्याकडे आहे, म्हणून माणसाला दिवा मालवता येतो. झोपेविषयीच्या ख्रिस्ती विचाराचा गाभा हाच. आपले बळ संपते आणि आपल्यावाचूनही रात्र पार पडते, हे झोपणारा रोज मान्य करत असतो.

एलीयाची कथा या दृष्टीने सावकाश वाचण्यासारखी आहे. कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर ईजबेल राणीच्या धमकीने तो पळाला, बैर-शेबा येथे चाकराला सोडून एक दिवसाची वाट रानात चालला आणि एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. मग त्याला झोप लागली. देवदूताने उठवले ते उपदेश करायला नव्हे. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी होते. तो जेवला आणि पुन्हा निजला. देवदूत दुसऱ्यांदा आला तोही जेवण घेऊनच. "तू इथे काय करतोस" हा प्रश्न आला तो चाळीस दिवसांनी, होरेब पर्वतावर. थकलेल्या माणसाशी कोणत्या क्रमाने वागावे हे यात दिसते. वैद्यकशास्त्रालाही हा क्रम ओळखीचा आहे, कारण अपुरी झोप आणि खिन्नता एकमेकींना वाढवतात. मात्र मरणाचे विचार येत असलेल्या माणसाची बोळवण केवळ "झोप काढ" एवढ्यावर करू नये. त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

"झोप लागत नाही, म्हणजे विश्वास कमी पडतो"

या समजामागे वादळातल्या तारवाचा प्रसंग आहे. लाटा आत येत होत्या आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन निजला होता, असे मार्क सांगतो. त्यावरून खऱ्या विश्वासूला गादीला पाठ टेकताच झोप लागावी, असा निष्कर्ष काढला जातो. मग स्तोत्रकर्त्यांचे काय? सहाव्या स्तोत्रात अंथरूण आसवांनी भिजते, 77व्या स्तोत्रात डोळे मिटत नाहीत. पौलाने करिंथकरांना लिहिताना आपल्या हालअपेष्टांच्या यादीत जाग्रणेही घातली आहेत, आणि त्याबद्दल तो ओशाळलेला दिसत नाही.

आठवड्यातून तीन रात्री, असे तीन महिने झोप लागत नसेल किंवा टिकत नसेल तर तो जुनाट निद्रानाश मानला जातो. त्यावर पहिला उपाय म्हणून गोळ्या सुचवल्या जात नाहीत. विचार आणि सवयी बदलणारी उपचारपद्धती सुचवली जाते. तिचा एक भाग आर्थर स्पीलमन यांनी 1987 मध्ये मांडला: रुग्ण आठ-नऊ तास अंथरुणात तळमळत असेल आणि प्रत्यक्ष झोप सहाच तास होत असेल, तर त्याला अंथरुणात तेवढाच वेळ पडू द्यायचे. झोप सलग झाली की वेळ हळूहळू वाढवायचा.

गमतीचा भाग असा की अठराव्या शतकात एका धर्मोपदेशकाने स्वतःवर जवळपास हाच प्रयोग केला होता. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांना रोज मध्यरात्री बाराएकच्या सुमारास जाग येई आणि मग ते बराच वेळ पडून राहत. शरीराला लागते त्यापेक्षा जास्त वेळ आपण अंथरुणात असतो, असा तर्क करून त्यांनी गजराचे घड्याळ आणले. पहिल्या दिवशी ते सातला उठले, दुसऱ्या दिवशी सहाला, तिसऱ्या दिवशी पाचला. रात्री जाग येतच राहिली. चौथ्या दिवशी चारला उठले आणि त्यानंतर रात्र सलग जाऊ लागली. वेळेच्या सदुपयोगावरील प्रवचनात त्यांनी हे सांगितले आहे. पुढच्या पिढ्यांनी त्यातून उचलले ते फक्त पहाटे चारचे उठणे. आपल्याला साडेसहा तास झोप लागते, असेही वेस्लींनी तिथेच नोंदवले होते. चारला उठणाऱ्याने साडेनऊला आडवे व्हावे लागते, हा हिशेब भक्तिपर चरित्रांतून सहसा गळतो. शिवाय साडेसहा तास हे एका माणसाचे माप होते. आजच्या शिफारशीपेक्षा ते कमीच भरते. अंथरुणातला वेळ आखडण्याचा हा उपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा, विशेषतः अपस्मार असलेल्यांनी आणि वाहन चालवणाऱ्यांनी.

"जितके जागरण जास्त, तितकी भक्ती मोठी"

बारा शिष्य निवडण्याआधी येशूने रात्र प्रार्थनेत घालवली, असे लूक सांगतो. ती एका मोठ्या निर्णयाची रात्र होती. त्याच येशूने दमून आलेल्या शिष्यांना एकांती जाऊन जरा विसावा घ्यायला सांगितल्याचे मार्कात आहे. गेथशेमानेत निजलेल्या शिष्यांना त्याने टोकले खरे, पण देहाच्या दुर्बलतेची कबुलीही तिथेच दिली. लूकच्या मते ते दुःखाने निजले होते.

त्रोवसची हकिकत अधिक बोलकी आहे. पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले, माडीवर पुष्कळ दिवे होते, आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळले, मुलगा वाचला. त्याला कोणी बोल लावल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलेले नाही. भाषण मात्र पौलाने उजाडेपर्यंत चालू ठेवले!

रात्रीच्या प्रार्थनेचा नेम ज्यांनी बांधला त्या मठांनीही झोपेचा हिशेब चोख ठेवला होता. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीनुसार हिवाळ्यात संन्याशांनी निम्म्याहून थोडी अधिक रात्र झोपून, अन्न पचल्यावर उठायचे. उन्हाळ्यात रात्र लहान, म्हणून दुपारच्या जेवणानंतर पडण्याची मुभा होती. निजण्याच्या खोलीत रात्रभर दिवा जळत ठेवण्याचा नियम तेवढा आजचे डॉक्टर मान्य करणार नाहीत.

जागरणाचा धोका प्रार्थनेत नसून परतीच्या वाटेवर असतो. नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी सहाला उठलेली व्यक्ती घरातला फराळ, गोठा, पाहुणे उरकून मध्यरात्रीच्या मिस्साला जाते. रात्री एकला स्कूटरला किक मारते तेव्हा ती एकोणीस तास जागी असते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात सतरा ते एकोणीस तास जागे असलेल्यांची चपळाई रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्यांइतकी किंवा त्याहून मंद आढळली. भारतात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. संध्याकाळी तासभर झोप काढणे किंवा रिक्षाने परतणे हा सोपा उपाय आहे.

"व्यायाम कडक असला की झोपेचे कमी-जास्त चालते"

शरीर घडते ते व्यायामानंतरच्या विश्रांतीत. वाढीच्या संप्रेरकाचा मोठा झोत रात्रीच्या पहिल्या प्रहरातल्या गाढ झोपेत येतो. 2010 मधला एक प्रयोग वजन कमी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. जास्त वजनाच्या दहा जणांना मोजका आहार देऊन एकदा दोन आठवडे रोज साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास अंथरुणात राहू दिले. दोन्ही वेळा वजन सुमारे तीन किलोने उतरले. काटा सारखाच हलला, पण पुरेशा झोपेत त्यातली चरबी 1.4 किलो होती, अपुऱ्या झोपेत 0.6 किलो. उरलेली घट स्नायूंसह शरीराच्या चरबीविरहित भागातून गेली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अकरा बास्केटबॉल खेळाडूंनी पाच ते सात आठवडे रात्री दहा तास झोपण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांचे धावणे वेगवान झाले आणि नेम सुमारे 9 टक्क्यांनी सुधारला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे मात्र नोंदवायला हवे.

"कमी झोपेची सवय होते" हा याच समजाचा भाऊ. 2003 मधल्या प्रयोगात दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची एकाग्रता, रात्रभर अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीला घसरली. त्यांना स्वतःला मात्र थोडीच पेंग जाणवत होती. सवय झोपेची न होता थकव्याची होते. पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणून शरीर जपायचे, हे पौलाचे सांगणे व्यायामशाळेत अनेकदा उद्धृत होते. त्या मंदिराची डागडुजी रात्री होते, हे तिथे सांगितले जात नाही.

लग्नाच्या मांडवात ऐकू येणारा "घोट घेतला की झोप छान लागते" हा समज अर्धाच खरा: झोप लवकर लागते, पण उत्तररात्री तुटत राहते. घोरणे हेही गाढ झोपेचे लक्षण नव्हे. घोरताना श्वास अडखळून थांबत असेल आणि दिवसा पेंग येत असेल तर तपासणी करून घ्यावी.

"विसावा ही ज्याची त्याची खासगी बाब"

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातली शब्बाथाची आज्ञा फक्त घरधन्यासाठी नाही. दास, दासी, बैल, गाढव, परका यांनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, असे ती म्हणते आणि कारण देते मिसरातल्या गुलामीचे. ज्याला विसाव्याचा हक्क नव्हता त्याने दुसऱ्याचा हिरावू नये.

मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलसारख्या मिशन संस्थांमुळे महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचे परिचारिकेच्या पेशाशी जुने नाते आहे, आणि रात्रपाळी त्या पेशाचा भाग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये रात्रपाळीचे काम 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवले. रात्रपाळीहून आठला घरी येणाऱ्या परिचारिकेला जाड पडदे, बंद केलेला फोन, वाटेत डोळ्यांवर काळा चष्मा आणि पाळीआधी तास-दीड तासाची डुलकी यांचा उपयोग होतो. तिच्या घरी सकाळी अकराला ठेवलेली वाडीची प्रार्थनासभा संध्याकाळी नेणे हे घरच्यांच्या आणि पाळकांच्या हातात असते.