कँडिडा बुरशीसंसर्ग : ओळख, उपचार आणि प्रतिबंध

प्रस्तावना : 'कँडिडा अल्बिकन्स' ही बुरशी निरोगी शरीरातही वास करते. प्रतिजैविकांचा वापर, गर्भावस्था, अनियंत्रित मधुमेह अथवा क्षीण प्रतिकारशक्ती यांमुळे संतुलन ढळले, की ती रोगकारक ठरते. म्हणूनच या संसर्गाचा संबंध चारित्र्याशी जोडणे अशास्त्रीय आहे.

लक्षणे : स्त्रियांमध्ये योनिमार्गात खाज, दाह व दह्यासारखा पांढरा स्राव आढळतो, पुरुषांमध्ये शिश्नाग्रावर लाली, खाज व पुरळ दिसते. दुर्गंधीयुक्त स्राव, व्रण किंवा ताप असल्यास अन्य रोगाचा विचार करावा लागतो.

उपचार : वैद्यकीय सल्ल्याने क्लोट्रिमॅझोल मलम अथवा फ्लुकोनॅझोलची १५० मि.ग्रॅ.ची एक मात्रा बहुधा पुरेशी ठरते. गर्भवतींनी मात्र तोंडाने घ्यावयाचे फ्लुकोनॅझोल टाळावे. वर्षातून ३ वा अधिक वेळा त्रास झाल्यास रक्तशर्करा तपासणे अगत्याचे आहे.

प्रतिबंध : सुती अंतर्वस्त्रे, त्वचेचा कोरडेपणा व मधुमेहावर नियंत्रण उपयुक्त ठरते. योनिमार्ग आतून धुऊ नये.

निष्कर्ष : संकोचापोटी रुग्ण दुकानातून स्टेरॉइडमिश्रित मलम परस्पर आणतो; खाज दबते, बुरशी मात्र फोफावते. विद्यार्थ्यांशी या विषयावर निःसंकोच बोलणे हीच प्रतिबंधाची पहिली पायरी होय.