गाळलेली जागा भरा!

बालमित्रांनो, दहावीचा निकाल लागला की नांदेडची ताई काय करते? संगणकावर बैठक क्रमांक नि आईचं नाव भरते. लातूरचा दादाही तेच करतो. दोघंही लातूर विभागीय मंडळाचे. क्षणात ज्याचे गुण त्याला! मग हजारो मुलांसाठी हजारो प्रश्न लिहून ठेवतात की काय?

छे! प्रश्न एकच, जागा गाळलेली: ‘ज्याचा क्रमांक ____, त्याचे गुण दाखव.’ माहितीच्या साठ्याला असे प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. १९७४ साली चेंबरलिन आणि बॉइस यांनी ती मांडली. गाळलेल्या जागेला म्हणतात ‘पॅरामीटर’. बीजगणितातला ‘क्ष’च म्हणा ना, दर वेळी किंमत वेगळी.

पण एखाद्या खोडकराने तिथे ‘सगळ्यांचे गुण दाखव’ असंच भरलं तर?

श्रुतलेखनात मी एकदा वाक्य सांगितलं, ‘वह्या मिटा.’ दोघा-तिघांनी खरंच वह्या मिटल्या! बाकीच्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. संगणकालाही आधीच बजावावं लागतं, की या जागेत येईल ती फक्त किंमत, हुकूम नव्हे. मग तो ‘सगळ्यांचे गुण दाखव’ नावाचा क्रमांक शोधत बसतो. तो सापडतच नाही, आणि ताईचे गुण ताईपाशीच राहतात.