आधी वेलांटी, मग अक्षर

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना मित्र गेला. बातमी फोनवर आली आणि फोनवरच मी वहिनींना दोन ओळी लिहायला घेतल्या. 'भा' टाइप केले मात्र, कळफलकाच्या वरच्या पट्टीत 'भावपूर्ण' हा शब्द हजर! त्यावर बोट टेकवले, तर शेजारी 'श्रद्धांजली' येऊन उभी. तिच्यावरही टेकवले. मग हात जोडल्याचे चित्र. सगळा कारभार दहा सेकंदांत आटोपला. चाळीस वर्षांच्या स्नेहाचे देणे मी असे चुकते केले, आणि त्यातला एकही शब्द मला शोधावा लागला नव्हता. रात्री झोप आली नाही, ती त्यामुळे.

आम्ही दोघे एकाच टायपिंग क्लासचे. मराठी तीसची परीक्षा, म्हणजे मिनिटाला तीस शब्द. ती पास झाल्याशिवाय कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करण्यात अर्थ नसे. परीक्षेची फी भरायच्या दिवशी माझ्या खिशात पैसे नव्हते. ती त्याने भरली. पहिल्या आठवड्यात आम्हाला छळले ते पहिल्या वेलांटीने. बोलताना आपण आधी 'न' म्हणतो, मग त्याला 'इ' लावतो. यंत्राला उच्चाराशी कर्तव्य नव्हते. कागदावर डावीकडून उजवीकडे जे दिसते, ते त्याच क्रमाने ठोकायचे. 'निर्णय' लिहायचा, तर आधी नुसती वेलांटी, मग 'न', मग अर्धा 'ण', त्याचा काना, त्यानंतर रफार आणि शेवटी 'य'. पुढे कोणते अक्षर येणार हे पक्के ठाऊक असल्याखेरीज वेलांटीला हात घालता येत नसे.

शब्दाचे जे, तेच वाक्याचे. दोन कार्बन घालून तीन प्रती काढताना शेवटच्या ओळीत चूक झाली की सगळा कागद फुकट. त्यामुळे वाक्य डोक्यात पूर्ण झाल्याशिवाय बोट हलत नसे. ही सवय मला पुढे लेख लिहिताना फार उपयोगी पडली. अर्थात तिचे तोटेही होते. मनात आधीच पूर्ण झालेले वाक्य बहुधा दहादा वापरलेले असते. 'असे निदर्शनास येते की' हे माझ्या बोटांत इतके भिनले होते, की घरच्या पत्रांतही डोकावे. एखादे जोडाक्षर यंत्रावर नीट उमटत नसले, तर मी शब्दच बदलत असे. म्हणजे माझे काही शब्द तेव्हाही यंत्रच ठरवीत होते.

तत्त्वज्ञ नीत्शेची दृष्टी अधू झाली तेव्हा, १८८२ साली, त्याने डेन्मार्कमध्ये बनलेले एक टंकलेखन यंत्र मागवले. अर्धगोलावर कळा बसवलेले, टाचण्या खोचलेल्या उशीसारखे. लिहिण्याची साधने आपल्या विचारांवरही काम करतात, असे त्याने त्याच काळात एका मित्राला कळवले होते. यंत्र लवकरच नादुरुस्त झाले, ते सोडा. पण एवढा मोठा माणूस कळा बडवताना हे ओळखू शकला आणि मला ते ओळखायला तीन यंत्रे बदलावी लागली.

दुसरे यंत्र संगणक. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी संगणकाचे मानक ठरले, त्याबरोबरचा इनस्क्रिप्ट कळफलक मला पहिल्याच दिवशी आवडला. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला आणि क्रम उच्चाराचा: 'न', मग वेलांटी. बोलतो तसे लिहायचे. शिवाय चुकीची भीती संपली. परिच्छेद उचलून वर न्या, खाली आणा, पुसा. माझी वाक्ये लांबली, लेख लांबले. मी मधूनच कुठूनही सुरुवात करू लागलो. एकदा तर हलवाहलवीत एकच वाक्य लेखात दोनदा राहिले आणि तसेच छापून आले. मला खरे जाणवायला हवे होते ते दुसरेच. खाडाखोड नाहीशी झाली होती. हस्तलिखितात खोडलेला शब्द रेघेखालून तुमच्याकडे बघत असतो. पडद्यावर तो कधी होता याचा मागमूसही उरत नाही.

तिसरा हा फोन. यावर मी 'निर्णय' लिहितो तो एन, आय, आर अशा इंग्रजी अक्षरांनी. 'न' कोणता आणि 'ण' कोणता, हे यंत्र ठरवते. आणि पुढचा शब्द? ज्या शब्दामागून जो शब्द बहुतेकदा लिहिला गेला, तो ते पुढे करते. म्हणजे माझ्यासमोर येतो तो सर्वांनी सर्वांसाठी वापरून गुळगुळीत झालेला शब्द. लग्नाला 'हार्दिक', मरणाला 'भावपूर्ण'.

या फोनला नावे ठेवताना मात्र जीभ अडखळते. माझी मावशी चौथीत शाळा सुटल्यापासून सहीपलीकडे काही लिहीत नव्हती. आता ती फोनपुढे बोलते, तो देवनागरीत उमटवतो, आणि रोज सकाळी भाचरांना ती आठ-दहा ओळी धाडते. त्यांतल्या चुका तिच्या की यंत्राच्या कळत नाही, पण ओळी अस्सल तिच्याच असतात. मी मात्र आयुष्यभर लिहून शेवटी दोन तयार शब्दांवर आलो.

त्या रात्री उठलो आणि कागद घेतला. पेन चालेना, शाई वाळली होती. मुलाच्या खोलीतून बॉलपेन आणले. 'प्रिय वहिनी' लिहिले आणि थांबलो. वर पट्टी नव्हती. बराच वेळ काही सुचले नाही. मग क्लासचा जिना आठवला, त्याची मधल्या बोटावरची शाई आठवली, वेलांटी चुकली की तो स्वतःलाच घालायचा ती शिवी आठवली. पहाटेपर्यंत दीड पान झाले. दोन ठिकाणी खोडले होते. पुन्हा उतरवून काढण्याचे त्राण नव्हते, तसेच पाठवले.

आठ दिवसांनी वहिनींचा फोनवर निरोप आला. 'भावजी, पत्र मिळाले. दोनदा वाचले. खोडलेल्या जागी खाली काय होते?'

एका जागी परीक्षेच्या फीची हकीकत होती. ते पैसे मी त्याला कधी परत केले नव्हते. लिहून झाल्यावर लाज वाटली, म्हणून खोडली होती. मी वहिनींना फोन लावला आणि ती सांगितली.